अजून पाच हजार सहज जातील

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने टायरवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचे ठरवले आणि गाडीमालकांचे सरळ दोन तट पडले. गणपतीला कोकणात जायचे म्हणून ऑगस्टमध्येच चार टायर टाकून मोकळे झालेले एकीकडे; दोन पावसाळे घरच्यांची बोलणी खाऊनही टायर न बदललेले दुसरीकडे. पहिल्यांचे चेहरे पडले. दुसऱ्यांना मात्र आपला आळस ही एक अर्थनीती होती, असा साक्षात्कार झाला. "बघ, थांबलो म्हणून वाचले!" नवा दर लागू होणार होता २२ तारखेला, नेमका घटस्थापनेला. म्हणजे मुहूर्तही आयता. वाचले किती म्हणाल, तर पाच हजारांच्या टायरमागे चारशेच्या आत आणि चारांचे मिळून दीड हजारांच्या आसपास. तेवढ्यासाठी मधले जवळजवळ तीन आठवडे ही मंडळी त्याच गुळगुळीत टायरांवर, भर पावसात, विजयी मुद्रेने फिरत होती.

टायर बदलणे हा गाडीवरचा सर्वांत बेरंगी खर्च. गाडी घेतली की पेढे वाटता येतात. सीट कव्हर बदलली तर शेजारी आत डोकावून बघतो, म्युझिक सिस्टिम बसवली तर ती आख्ख्या गल्लीला ऐकवता येते. चार नवे टायर टाकून आलेल्याला सोसायटीचा वॉचमनसुद्धा काही विचारत नाही. चाकाखाली लिंबू ठेवतात ते गाडी नवी म्हणून. टायर नवे म्हणून लिंबाचा खर्च कुणी करत नाही. दसऱ्याला झेंडूचा हार बॉनेटला जातो आणि टायरच्या वाट्याला हळदीकुंकवाचे एक बोट येते, तेही वाकावे लागते म्हणून घाईत. वीस हजार रुपये मोजायचे, ते काळ्या रंगात आणायचे आणि रस्त्याला घासून संपवायचे, हे मराठी मनाला पटायला वेळ लागतो. तो वेळ साधारण पाच हजार किलोमीटरच्या हप्त्यांनी मोजला जातो.

"अजून पाच हजार सहज जातील," हे वाक्य बोलण्याआधी तपासणी होते, नाही असे नाही. गाडीमालक गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो आणि प्रत्येक टायरला एक लाथ मारतो. या लाथेतून टायरबद्दल काहीही कळत नाही. बुटाबद्दल थोडेफार कळते. मग तो खाचेत नख घालून बघतो आणि समाधानाने हात झटकतो. वास्तविक टायर स्वतःच सगळे सांगत असतो. मोटारीच्या नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याला किमान १.६ मिलिमीटर लागते. मुख्य खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे छोटे रबरी उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. नख लागत नाही, फूटपट्टी लागत नाही, मेहुण्याचा सल्लाही लागत नाही. या खाचांचे काम पावसाचे पाणी चाकाखालून बाजूला फेकण्याचे. त्या बुजल्या की वेगात टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टेअरिंग अचानक लोण्यासारखे हलके होते. त्यावर "बघा, गाडी कशी मऊ चालते," असे म्हणणारे धन्य लोकही आहेत.

याच्या उलट पंथ आहे तो टायर झिजवतच नसलेल्यांचा. निवृत्तीनंतर घेतलेली गाडी, आठ वर्षांत अठरा हजार किलोमीटर, रविवारी मंडई आणि वर्षातून एकदा अक्कलकोट. या टायरवर अजून केस असतात. कारखान्यातल्या साच्याला हवा निघून जायला बारीक छिद्रे असतात, त्यांत रबर शिरून हे केस तयार होतात. काकांना ते तारुण्याचे लक्षण वाटते. पण उन्हात उभ्या राहिलेल्या रबराचे वय किलोमीटरने वाढत नाही, वर्षांनी वाढते. रबर कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर दाखवून घ्यावा आणि दहा वर्षे झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, तो काढावा, अशी कंपन्यांची साधारण शिफारस असते. "केस बघा की!" असे काका मेकॅनिकला सांगतात. मेकॅनिक काकांच्या डोक्याकडे बघतो आणि काही बोलत नाही.

समृद्धी महामार्गाने या सगळ्या तत्त्वज्ञानाला तोंडावरच अडवले. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, पाठोपाठ टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या आणि २०२३ मध्ये आरटीओची पथके रस्त्यावर शिरण्याच्या ठिकाणी टायर तपासायला उभी राहिली. टायर झिजलेले दिसले की गाडी परत. महाराष्ट्रातला माणूस कागदपत्रांच्या तयारीनिशी प्रवासाला निघतो. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स, शिवाय सगळ्यांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. तो फोल्डर पुढे करावा आणि साहेबांनी तो न बघता खाली वाकावे, हा अपमान मोठा होता. "साहेब, लग्नाला चाललोय," हे कारण आजवर कुठल्याही नाक्यावर चालत आले होते. टायरला ते कळले नाही.

मुळात या रस्त्याबद्दल आणि त्याआधी पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेबद्दल एक ठाम समज आहे: काँक्रीट तापते, टायरमधली हवा फुगते, टायर फुटतो; म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी. ऐकायला अगदी शास्त्रशुद्ध. तापमान दहा अंशांनी वाढले तर हवेचा दाब दीड-दोन पौंडांनी वाढतो, हे खरेही आहे, पण तेवढे गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. कमी हवेचा टायर मात्र प्रत्येक फेऱ्याला बाजूने दबतो, सुटतो, परत दबतो. त्या मळणीत आतल्या आत तापतो आणि तासाला १२० च्या वेगाने दोन-तीन तास हे चालले की बाजूची भिंत हार मानते. म्हणजे टायर फुटू नये म्हणून जो उपाय करायचा, त्यानेच तो फुटायची सोय होते. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे कंपनीने किती हवा भरायची ते लिहून ठेवलेले असते. ती भरायची टायर थंड असताना. पण पंपावर गेल्यावर पोऱ्याने "किती?" विचारले की गाडीमालक मागे वळून बायकोकडे बघतो आणि मग "तीसच टाक, उन्हाळा आहे," म्हणतो.

हवेचा विषय निघाला की नायट्रोजन येतोच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, तोही फुकट. उरलेल्या टक्क्यांसाठी चाकामागे पैसे घेतात आणि खूण म्हणून हिरवी टोपी लावतात. कोरड्या नायट्रोजनमध्ये ओलावा नसल्याने दाब जरा स्थिर राहतो, टायरमधून गॅस थोडा सावकाश झिरपतो. फायदा आहे, पण बेताचा. खरा आनंद टोपीचा. वीस हजारांच्या अदृश्य खर्चातली ती एकमेव दिसणारी गोष्ट.

आता दुकान. आपल्या हायवेच्या कडेला टायर आणि पंक्चरची कितीतरी दुकाने मल्याळी माणसांनी थाटली, वाढवली. देशातले सगळ्यात जास्त रबरही केरळातच पिकते, त्यामुळे या धंद्याची वंशावळ चोख आहे. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "कुठली कंपनी?" इथे चाळिशीतला गाडीमालक भावुक होतो. सचिनच्या बॅटवर एमआरएफ लिहिलेले बघत तो मोठा झाला. कित्येक वर्षे ती बॅट बनवणारी कंपनी आहे, असेच त्याला वाटत होते. ही मद्रास रबर फॅक्टरी १९४६ मध्ये सुरू झाली ती मुलांचे फुगे बनवायला. जून २०२३ मध्ये तिच्या एका शेअरने एक लाखाचा आकडा ओलांडला. त्या एका शेअरच्या पैशात पाच गाड्यांचे चारही टायर आले असते, असा हिशेब टायरच्या दुकानात बसूनच सुचतो. सिएटबद्दल वेगळाच जिव्हाळा. तिचा जन्म इटलीतल्या तुरिनचा, पण भांडुपच्या कारखान्यामुळे मुंबईकर तिला घरचीच समजतो. एवढी सगळी भावनिक चर्चा झाल्यावर तो विचारतो, "यात सगळ्यात स्वस्त कुठला?"

मग तारखेचा शोध. प्रत्येक टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन वर्षातला आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा, ऑगस्टची सुरुवात. ज्याने स्वतःच्या गाडीला अकरा वर्षांचे टायर सुखाने वापरले, तो दुकानात आल्यावर दुधाची पिशवी घेतल्यासारखी तारीख तपासतो. "हा चार महिन्यांपूर्वीचा आहे. ताजा नाही का?" नीट सावलीत ठेवलेल्या टायरला चार महिन्यांत काही होत नाही, हे दुकानदार सांगून सांगून थकलेला असतो. तो आत जातो आणि त्याच आठवड्याचा दुसरा टायर घेऊन येतो. गिऱ्हाईक खूश.

तेवढ्यात सोबत आलेला भाचा मोबाइलवरून डोके वर काढतो आणि म्हणतो, "मामा, एक साइज वरचे टाकू." १८५/६५ आर १५ यात १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची, १५ हा रिमचा इंचांतला व्यास. भाच्याला हे सगळे पाठ असते. रुंद टायरने पकड वाढते हे त्याला माहीत असते. मायलेज कमी होते हेही माहीत असते, पण पेट्रोल मामा भरतो.

आणि मग त्या दिवसाचा कळीचा प्रश्न. दोन की चार?

बहुतेक मोटारींत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, वळायचे पुढच्यांनीच आणि ब्रेकचा बराच भारही त्यांच्यावर, त्यामुळे पुढचे टायर आधी झिजतात. म्हणून दोनच घ्यायचे ठरते आणि ते पुढेच लागतात. टायर कंपन्या मात्र उलटे सांगतात: दोनच घेतले तर नवे मागे लावा, मागचे पुढे आणा. कारण ओल्या रस्त्यावर पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, माणसाला ते जाणवते, तो पाय काढतो. मागचे घसरले तर गाडीचे बूड बाजूला फिरते आणि ते सावरणे शिकलेल्या ड्रायव्हरलाही जड जाते. हे ज्ञान घेऊन कुणी दुकानात गेलाच, तर तिथला कारागीर पाना खाली ठेवतो. "साहेब, इंजिन पुढे, स्टेअरिंग पुढे, तुम्ही पुढे. नवे टायर मागे लावून काय डिकीला नेसवायचे आहेत?" पुढे-मागे उभी असलेली इतर गिऱ्हाइके हसतात. शहाणा माणूस गप्प बसतो आणि नवे टायर पुढे लावून घरी जातो.

दोन आणि चार यांच्या मधला खास आपला आकडा तीन. "स्टेपनी नवी कोरीच आहे, ती चौथी लावा." ही नवी कोरी स्टेपनी गाडीबरोबर २०१४ साली आलेली असते आणि तेव्हापासून डिकीच्या तळाशी, गादी, छत्र्या, देवळातली नारळाची करवंटी आणि मुलाचा हरवलेला बूट यांच्याखाली निद्रिस्त असते. तिच्यात हवा किती, हे तिलाही आठवत नाही. नव्या गाड्यांत बऱ्याचदा तिचा आकारही लहान असतो आणि तिच्यावर ताशी ८० च्या पुढे जाऊ नका असा स्टिकर असतो. तो वाचला जातो पहिल्या पंक्चरच्या दिवशी, कात्रज घाटात, मोबाइलच्या उजेडात. जुलै २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचे किट असेल, तर प्रवासी मोटारीला स्टेपनी नसली तरी चालेल. कंपन्यांना वजन वाचले, बॅटरीला जागा झाली. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाने मात्र शोरूममध्ये डिकी उघडून खालचे झाकण उचलले आणि त्याच्या तोंडून एकच वाक्य निघाले, "म्हणजे चारच टायरचे एवढे पैसे?"

बजाज चेतकच्या काळातल्या माणसाला हे दुःख अधिक कळेल. त्या स्कूटरची पुढची, मागची आणि स्टेपनी अशी तिन्ही चाके एकाच मापाची, एकमेकांच्या जागी बसणारी. स्कूटर तिरकी करायची, चार-पाच नटं सोडायची, चाक बदलायचे आणि काळ्या हातांनी ऑफिसात जाऊन "पंक्चर" एवढा एकच शब्द बोलायचा. साहेबही काही विचारत नसे. पेट्रोल सांडू नये म्हणून स्कूटर कुठल्या बाजूला कलवायची यावर मात्र दोन शाळा होत्या आणि दोन्ही शाळांतल्यांच्या पँटींना पेट्रोलचा वास यायचा.

खरा टायर कळतो तो ट्रकवाल्याला. ढाब्यावर उतरला की चहाआधी तो टॉमी घेऊन गाडीभोवती फिरतो आणि एकेका टायरवर हाणतो. मागे दोन-दोन टायर जोडीने असतात. आतल्याची हवा गेली तरी बाहेरच्याच्या आड ते दिसत नाही. ते कानाने कळते. भरलेला टायर टणटणतो, बसलेला भदकन वाजतो. मोटारवाल्याची लाथ या विद्येचीच बिघडलेली आवृत्ती असावी. दहा चाकी ट्रकचा एकेक टायर वीस हजारांच्या वर जातो. त्यामुळे कुठला टायर कधी घेतला, कुठे झिजला, पुढून काढून मागे कधी टाकला, हे मालकाला पोरांच्या इयत्तांपेक्षा पक्के ठाऊक असते. नवे टायर पुढच्या एक्सलला. मागचे झिजले की रिमोल्डला, म्हणजे सांगाडा तोच आणि वर नवी नक्षी चढवलेली. एसटी महामंडळही ही नक्षी स्वतःच्या कारखान्यांत चढवते. "रिमोल्ड? छे, आपण नाही बाबा तसली रिस्क घेत," असे म्हणणारा मोटारवाला विमानाने दिल्लीला जातो आणि बहुधा रिट्रेड केलेल्या टायरांवरच उतरतो. विमानांत ती सर्वमान्य पद्धत आहे.

फ्रान्समध्ये १९०० साली रस्त्यावर तीन हजारही मोटारी नव्हत्या. लोक फिरलेच नाहीत तर टायर झिजणार कसे, या काळजीने मिशेलिन कंपनीने हॉटेले, गॅरेजे, पेट्रोलची ठिकाणे सांगणारी पुस्तिका फुकट वाटली. जगातले मोठमोठे आचारी आज ज्या ताऱ्यांसाठी झुरतात, त्या मिशेलिन गाइडचा उगम हा असा रबरी आहे. आपल्याकडे असल्या पुस्तिकेची गरज पडली नाही. फक्त मिसळ खायला पुण्याहून कोल्हापूरला जाऊन संध्याकाळी परत येणारे लोक आहेत. टायर कंपन्यांनी त्यांचा जाहीर सत्कार करायला हरकत नाही.

दुकानात परत येऊ. टायर बसतात, चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर गरगर फिरते, पडद्यावर ३५ ग्रॅम असे दिसते, कारागीर रिमवर वजनाच्या पट्ट्या ठोकतो, शून्य येते. मग अलाइनमेंट. पडद्यावरचे लाल आकडे हिरवे होतात आणि त्यातले ओ की ठो न कळताही गिऱ्हाइकाला रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आल्याइतके बरे वाटते. वीस हजारांच्या बिलावर त्याने घासाघीस केलेली नसते, कारण रक्कम मोठी आणि लाज वाटते. ती सगळी भरपाई चार व्हॉल्वच्या पैशांवर होते. "एवढे टायर घेतले, व्हॉल्वचे कसले पैसे लावता?"

शेवटी जुन्या टायरांचा निकाल. दुकानदार चारांचे मिळून काहीतरी किरकोळ देऊ करतो. ज्यांच्यात काही उरले नाही असे तासाभरापूर्वी मान्य केले होते, त्यांच्याबद्दल आता गाडीमालकाला नवे प्रेम फुटते. "एवढ्यात देण्यापेक्षा घरी नेतो." ते गच्चीवर जातात. त्यांत बागेची माती भरायची असते, मुलांना झोपाळा करायचा असतो. यातले काहीच न होता जून उजाडतो. टायरात साचलेले पाणी बाहेर येत नाही आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. महापालिकेचे लोक गच्चीवर येतात, टॉर्च मारून अळ्या दाखवतात, नोटीस देऊन जातात. मग चारही टायर दोरीने कॅरियरवर बांधून सासुरवाडीला रवाना होतात. तिथे त्यांना मान आहे. गोठ्याच्या पत्र्यावर वाऱ्याला दाब म्हणून दोन, मुरघासाच्या खड्ड्यावरच्या प्लास्टिकवर दोन, असे ठरते. चार दिवसांनी मेहुण्याचा फोन येतो.

"दाजी, पत्र्यावर कशाला टाकायचे? चांगलेच आहेत की. माझ्या गाडीला बसवून घेऊ का?"